पाय अडकवायचे पट्टे

"मी बसवतो." हे दोन शब्द मी उगाच बोललो होतो. तेही जेवताना, तोंडात घास असताना. नीट ऐकू आले नसते तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात नको ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू येतं.

विषय होता सासऱ्यांच्या बोटीचा. बोट म्हणजे फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. दोन माणसं बसतील, तिसऱ्यानं आग्रह केला तर तिघंही भिजतील, एवढीच. तळ फायबरचा, टणक. आणि कडेनं हवा भरलेल्या जाडजूड रबरी नळ्या. बसायचं ते त्या नळ्यांवरच. मागे एक छोटं इंजिन. सासरे ती घेऊन तलावावर जायचे, गळ टाकायचे, आणि मासा न घेता परत यायचे. (मासे मिळत नाहीत म्हणून वाईट वाटलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. बहुधा मिळाला असता तर वाटलं असतं.)

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. दुकान बंद केलं, कारण हात थरथरायला लागले. अर्थात ते कारण घरात कुणी कधी बोललं नाही. "आता घड्याळं कोण दुरुस्त करतंय" असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी "खरंय, खरंय" म्हणून माना हलवल्या. बोटीत मात्र थरथर दिसत नाही. पाण्यावर सगळंच थोडं हलत असतं.

तर असे ते एके दिवशी नळीवर बसले असताना शेजारून एक मोठी लाँच गेली, लाट आली, आणि सासरे शांतपणे मागच्या मागे पाण्यात गेले. लाँचवाल्यांनीच त्यांना वर काढलं. वाईट एवढंच झालं की काढून ज्या इस्पितळात नेलं, तिथं नेमकी माझी बायको परिचारिका आहे. स्ट्रेचरवरून ओले सासरे आत आले आणि तिला म्हणाले, "अगं, तुझी सकाळची ड्युटी होती ना?"

त्या दिवसापासून बायकोचं एकच म्हणणं. बोट विकायची.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते ताटाकडे बघत म्हणाले, "बरं, विकू." तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अशा बोटींना पाय अडकवायचे पट्टे असतात. तळाला चिकटवायचे. पाय आत घातला की माणूस पडत नाही. मी बसवतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तापमापक बघताना ती असंच बघते.

"तुम्ही?" ती म्हणाली.

तिचंही चूक नव्हतं. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. पाण्याशी माझा संबंध एवढाच की ते आलं नाही की लोक मला फोन करतात. आणि चिकटवण्याच्या बाबतीत म्हणाल, तर मी लावलेलं तिकीट पाकिटाआधी पोस्टात पोचल्याची उदाहरणं आहेत. पण सासरे माझ्याकडे बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ताटावरून मान वर केली होती. मग माघार कशी घेणार?

दोन पट्टे आणले, चपलेसारखे, एकाच बाजूनं पाय जाणारे. गोंद आणला. तो दोन डब्यांत येतो. एक दुसऱ्यात कालवायचा. दुकानदारानं बजावलं की ओल असेल तिथं काम करू नका, अजिबात धरणार नाही. आमच्या अंगणात कायम ओल. (गळतीची तक्रार मी माझ्याच खात्यात दिलेली आहे. ती माझ्याच टेबलावर आहे.) म्हणून मी ठरवलं, काम बैठकीच्या खोलीत करायचं. रविवारी बायको सकाळच्या ड्युटीला गेली की बोट आत, दुपारी ती यायच्या आधी बोट बाहेर.

नळ्यांतली हवा काढून, बोट आडवी करून, सासऱ्यांनी पुढून आणि मी मागून अशी ती दारातून आत आली. येताना तिनं भिंतीचा थोडा रंग घेतला आणि तिचा थोडा दिला. मग नळ्या पुन्हा फुगवल्या, कारण त्यावर बसल्याशिवाय पट्टा कुठं यायला हवा ते कसं कळणार? फुगल्यावर बोट भलतीच मोठी दिसायला लागली. सोफा, टीपॉय, दिवाणाची कड, सगळीकडून ती खोलीला टेकली. सासरे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि माहितीपत्रक वाचायला लागले.

"दोन्ही पृष्ठभागांना गोंद लावावा," त्यांनी वाचलं.

आता 'दोन्ही पृष्ठभाग' म्हणजे पट्ट्याच्या टोकाची चकती आणि तिच्याखालची तेवढीच जागा, हे मला आज कळतं. त्या वेळी मी पट्ट्याला वरून, खालून, आरपार गोंद लावला. तळालाही ऐसपैस लावला. कमी पडायला नको.

"वाळून चिकट होईपर्यंत थांबावे," सासरे म्हणाले. आम्ही थांबलो. "मग एकदाच, नेमके दाबावे. एकदा दाबल्यावर जागा बदलता येत नाही."

"जावईबापू," ते म्हणाले, "पाय किती जातो ते आधी बघा बरं का."

मी बघितलं. नळीवर बसलो, डावा पट्टा अंदाजानं दाबून टाकला, मग मोजा घातलेला उजवा पाय तळावर ठेवला, त्यावरून दुसरा पट्टा ओढला आणि दोन्ही टोकं जोर लावून दाबली. छान बसला. अगदी मापात. मी पाय बाहेर काढायला गेलो तर बोट वर आली.

मी पुन्हा प्रयत्न केला. बोट पुन्हा वर आली, टीपॉय आडवा झाला.

"काय झालं?" सासऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"पट्टा चांगला बसलाय," मी म्हणालो.

मोज्यातून पाय सोडवावा म्हटलं तर गोंद त्या पातळ मोज्यातून कातडीपर्यंत पोचलेला. मग जोर लावायला मी डावा पाय टेकवला. कुठं टेकवला हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ऐसपैस गोंद लावल्याचा हा फायदा की माणसाला पाय ठेवायला जागा शोधावी लागत नाही.

सासरे उठले, बोटीच्या कडेनं सरकत माझ्याजवळ आले. वाकून बघितलं. त्यांनी हात पुढे केला, पट्ट्याच्या कडेत नख घालायला गेले. हात थरथरला. त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला. मला एकदम फार वाईट वाटलं. ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू काढले, त्यांना माझा पाय सुटत नव्हता.

"राहू द्या, बाबा," मी म्हणालो. "मला बसायला बरं वाटतंय."

तेवढ्यात बेल वाजली.

सासऱ्यांनी दार उघडलं. दारात एक उंच गृहस्थ उभे होते, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर स्वच्छ दातांचं हसू. दाताचे डॉक्टर. बोट बघायला आले होते. बायकोनं त्यांना रविवारी बोलावलं होतं आणि मला तसं सांगितलंही होतं. (मी पेपर वाचत मान हलवली होती म्हणे. माझ्या मानेनं आजवर कशाकशाला संमती दिली आहे, हे मला असंच कळत जातं.)

डॉक्टरांनी बोटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नमस्कार केला. उठता येत नसल्यामुळे बसूनच केला.

"हे चाचणी घेतायत," सासरे म्हणाले.

"कसली?"

"पट्ट्यांची. नवीन बसवलेत."

डॉक्टर खूश झाले. खाली बसून त्यांनी पट्टा ओढून पाहिला. "फारच मजबूत आहेत हो," ते म्हणाले. "बोटीचा तळ जरा बघता येईल का? खालून?"

"येईल की," सासरे म्हणाले, "पण आत्ता नाही."

"हे उतरले की?"

"हो. हे उतरले की."

"मग उतरतायत कधी?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. "ते त्यांनाच माहीत," ते म्हणाले. "आमचे जावई एकदा बसले की बसले."

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बोटीतून निघाल्याशिवाय बोट विकली जाणार नव्हती. आणि मला काढण्याची सासऱ्यांना काडीची घाई नव्हती. त्यांनी डॉक्टरांना चहा विचारला. मलाही विचारला. चहा घेऊन आम्ही तिघं बोलत बसलो, दोघं सोफ्यावर आणि एक बोटीत. शेवटी डॉक्टरांच्या नजरेला माझा मोजा आला.

"तुम्ही चिकटला आहात का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. पेशंटला असंच विचारत असावेत.

मी कबूल केलं.

"दुखतंय?"

"ओढलं तर."

ते विचारात पडले. "मी सुन्न करू शकतो," ते म्हणाले. "पण त्यापुढचं माझ्या हातात नाही. मी वरच्या भागाचा डॉक्टर."

याच वेळी कुलूप उघडून बायको आत आली. तिनं दारातूनच सगळं पाहिलं. बोट, आडवा टीपॉय, भिंतीचा रंग, डॉक्टर, बशीतली बिस्किटं, मी. मग ती चपला सोडून पुढे आली. पर्समधून बँडेज कापायची कात्री काढली, बोटीत चढली आणि माझ्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"हलू नका," एवढंच म्हणाली. "टोक बोथट असतं हिचं. घाबरायचं कारण नाही."

"मी घाबरलेलो नाही."

"मग माझा खांदा सोडा."

ती मोजा कापत होती. डॉक्टरांनी आणखी एक बिस्किट उचललं. "बोट तर चांगली दिसते," ते म्हणाले, "मग विकताय कशाला?"

बायकोची कात्री थांबली. तिनं काही म्हणायच्या आतच सासरे बोलले.

"बोटीत काही खोट नाही. मीच पडलो. माझे हात थरथरतात, तोल जातो. ती बरोबर सांगतेय." ते खिडकीकडे बघत होते. "अशीच बसायची लहानपणी. गुडघे पोटाशी घेऊन. ही बोट नव्हती तेव्हा, जुनी लाकडी नाव होती. मला म्हणायची, बाबा, अजून पुढे. मी किती पुढे नेली तरी, अजून पुढे."

हात थरथरतात, हे आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं म्हटलं होतं. म्हटल्यावर छत काही कोसळलं नाही. बायको खाली मान घालून कापत राहिली, पण बराच वेळ ती हवाच कापत होती.

मग ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला उगाच त्रास दिला. आम्ही बोट विकत नाही."

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख अपेक्षित होतं. "खरं सांगू का," ते म्हणाले, "बोट हवी होती ती आमच्या मिसेसना. मला पाण्यावर मळमळतं." त्यांनी माझा हात हातात घेऊन आपुलकीनं दाबला आणि घरी काय सांगायचं याची वाक्यं पुटपुटतच जिना उतरले.

माझे पाय सुटले. तळव्यांची थोडी कातडी बोटीच्या मालकीची झाली, पण ते चालायचंच. बायकोनं मलम लावून दोन्ही पायांना बँडेज बांधलं आणि बजावलं की पाणी लागू द्यायचं नाही. वडिलांना तिनं दोन अटी घातल्या. अंगात जॅकेट घालायचं, आणि एकट्यानं जायचं नाही. सासरे "बरं" म्हणाले. याआधी म्हणाले होते ते "बरं" वेगळं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. सासरे इंजिनाजवळ नळीवर बसले, पाय पट्ट्यात घालायला गेले आणि थांबले.

"जावईबापू," ते फार हळुवारपणे म्हणाले, "हे पट्टे उलटे आहेत."

होते. पट्टे बसवताना ते समोर सोफ्यावर होते, आणि सासऱ्यांकडे पाठ करून बसायची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो होतो, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला. त्या पट्ट्यात पाय घालायचे तर इंजिनाकडे बघत, तलावाकडे पाठ करून जावं लागलं असतं.

 सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थोपटायला हात उचलला होता, पण तेवढ्यात बायको बोटीत चढली. तिनं वडिलांच्या जॅकेटचे बंद आवळले, शेजारी बसली आणि आपला पाय त्यांच्या पायावर घट्ट रोवला.

"आता पडा बघू," ती म्हणाली.

बोट निघाली. मी बँडेजातले पाय घेऊन काठावर दगडावर बसलो. ती दोघं लहान लहान होत गेली. सासऱ्यांचं हसणं पाण्यावरून येत होतं, आणि मधूनच तिचा आवाज, "अजून पुढे." तलावाच्या मध्यावर पोचल्यावर तिनं तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि मला हाक मारली.

"अहो, पट्टे एकदम घट्ट आहेत बरं का."

माझी छाती भरून आली. शेवटी काहीतरी मी धड केलं होतं. मी उभा राहून दोन्ही हात हलवले.

"जेवणाचा डबा त्यातच अडकवलाय," ती ओरडली. "जरासुद्धा हलत नाही."

डबा एकच होता. तिघांचा.