गच्चीला सांगून आलेली माती

मातीची पिशवी घर बघायला आली की प्रश्न ती विचारणार आणि आपण मान खाली घालून उत्तरं द्यायची, हा नियम शलाकाला कळायला लागल्यापासून घरात होता. गावात सगळ्यांकडेच होता. ‘का?’ असं विचारायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग.

रविवारी सकाळी पिशवी आली. चकचकीत, फुगीर, अंगावर सोनेरी अक्षरं. सोबत करवली म्हणून गोणपाटाची एक लहानशी पिशवी होती. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. मोठीला सोफ्यावर बसवताना दादाकाकांची कंबर भरून आली आणि ते खूश झाले.

“वजनदार स्थळ आहे,” ते आत्याच्या कानात म्हणाले.

गेल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते. ती माती चार दिवसांत कुंडीत विटेसारखी बसली आणि शलाकाची मिरची तिच्यात गुदमरून मेली. यंदा गच्चीवर वांग्याची रोपं होती. दह्याच्या कपांतून त्यांची मुळं बाहेर आली होती. आज नको ती माती गळ्यात पडली, तर ही रोपंही जाणार होती.

आत्याने पोहे पुढे केले. “खोबरं कमी आहे,” असा शेरा मारून पिशवीने सुरुवात केली.

“मुलीला पाणी घालता येतं?”

“येतं हो. फार शांतपणे घालते,” आत्या म्हणाली.

“ऊन?”

“भरपूर. गच्ची आमच्या मालकीची आहे,” काका म्हणाले.

“कुंड्यांना भोकं?”

“आहेत,” शलाका म्हणाली. “आणि तुमच्यात खत किती आहे?”

“अगं कार्टे! मातीला विचारतात का असं?” आत्या ओरडली.

“आमच्या घराण्यात सांगायची पद्धत नाही,” पिशवी म्हणाली.

“मग दाखवा.”

शलाकाने “माफ करा हं” म्हणत कात्रीने कोपरा कापला आणि मूठभर माती दाबली. बोटांचे ठसे उमटलेला चिकट गोळा झाला. तो बशीत टाकला तर बशी वाजली. वास आंबूस होता.

“थोडा वास सगळ्यांच्याच मातीला असतो,” काका म्हणाले. “पुढे सवय होते. आम्हाला नाही झाली?”

स्टुलावरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“तुम्ही का हसलात?” शलाकाने करवलीला विचारलं.

“सहज. मी उचलायला हलकी ना, म्हणून मला कुणी बघतच नाही.”

“मी बघू?”

“बघा की!”

करवलीने आपणच सुतळी सोडली. शलाकाने मूठ वळली, गोळा झाला, आणि बोट लावताच भुसभुशीत होऊन मोकळा झाला. कुजून काळ्या झालेल्या पानांचा गोड वास खोलीभर पसरला. शलाकाला हसूच आवरेना.

“तुम्हाला काही विचारायचंय?”

“एकच. वांगी कुठली?”

“काटेरी. भरायची.”

“मग बसलोय कशाला?”

शलाकाने तिला कडेवर घेतलं.

“करवलीला ठेवून घेतलीस तर लोक काय म्हणतील?” आत्या कळवळली. “मोठीला आधी हो म्हण. हिला घाल हवं तर तळाला.”

“नाही. ही मोठी माझ्या एकाही कुंडीत जाणार नाही. आणि यापुढे या घरात कुठलीही माती आली, तर आधी मी तिला विचारणार.”

ती करवलीला घेऊन जिना चढून गेली. आत्याने काकांकडे पाहिलं. थोड्या वेळाने गच्चीवरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.