उभयचररावांचा बुधवार

शिक्षण आणि उद्योग यांच्यामधली दरी बुजवणं हेच आपलं जीवितकार्य आहे, असं उभयचरराव प्रत्येक भाषणात सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज खरोखर जड होत असे. प्रत्यक्षात ती दरी बुजू नये म्हणून ते गेली कित्येक वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते!

कारण त्या दरीत त्यांचा बुधवार राहत होता.

उभयचर हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. ठेवलं ते योग्यच होतं. संगणकाला धूळ बाधते असं मानायचे त्या काळात हे गृहस्थ कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडक्या बंद ठेवायच्या कामावर लागले. तिथून कंपनीत जाऊन प्रोग्रॅम लिहू लागले. तिथे कंटाळून डॉक्टरेटसाठी पुन्हा कॉलेजात आले. प्रबंधाचा विषय होता, सॉफ्टवेअर वेळेवर का पूर्ण होत नाही. प्रबंध वेळेवर पूर्ण झाला नाही. मग पुन्हा कंपनी, पुन्हा कॉलेज. पाण्यात गारठलं की जमिनीवर, जमीन तापली की पाण्यात! कॉलेजात कुणी अडवलं की ते म्हणत, "इंडस्ट्रीत असं चालत नाही हो." कंपनीत कुणी अडवलं की विचारत, "पण याला सैद्धांतिक पाया कुठाय?" दोन्हीकडे समोरचा माणूस गप्प बसे.

शेवटी त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवले. सोमवार-मंगळवार कॉलेजात प्राध्यापक, गुरुवार-शुक्रवार कंपनीत सल्लागार. बुधवारी ते कंपनीत असतात अशी प्राचार्यांची समजूत होती. बुधवारी ते कॉलेजात असतात अशी कंपनीच्या संचालक बाईंची समजूत होती. बुधवारी ते घरच्या गॅलरीत, वेताच्या खुर्चीत असत. पेपरातल्या हरवले-सापडलेपर्यंत सगळं वाचून झालं की तोंडावर तोच पेपर घेऊन झोपत. याला त्यांची लेक 'बाबांचं संशोधन' म्हणे.

प्राचार्य वर्षभर मागे लागले होते, "सर, तुमच्या कंपनीशी काहीतरी संयुक्त करा." बाईही तेच म्हणत होत्या, "डॉक्टर, तुमच्या कॉलेजला जोडून घ्या." उभयचरराव इकडे सांगत, कंपनीवाले फार घाईत असतात. तिकडे सांगत, कॉलेजवाले गोगलगाई आहेत. दोघं एकमेकांना भेटले नाहीत, म्हणजे बुधवार सुखरूप!

अशात सुट्टी आली.

"यंदा फोन माझ्या पर्समध्ये राहील," बायकोने जाहीर केलं. ती दातांची डॉक्टर. तिच्यापुढे भलेभले तोंड उघडतात, पण उलट उत्तर कुणाला देता येत नाही.

"अगं, पण मेलचं काय?"

"मेलला काय धाड भरलीय?"

"बरं," उभयचररावांनी छाती पुढे काढली. "माझ्या वतीने उत्तरं देणारा प्रोग्रॅमच लिहून ठेवतो! इतकी वर्षं काय गवत उपटलं मी? अगदी हुबेहूब माझ्यासारखं बोलेल."

"म्हणजे काहीच ठरवणार नाही," लेक म्हणाली.

"तेच तर हवंय!"

त्यांनी एक सोडून दोन सहायक बनवले. एकाला कॉलेजातल्या जुन्या मेल वाचायला दिल्या, दुसऱ्याला कंपनीतल्या. वर तीन नियम घालून दिले. कुणाला नाही म्हणायचं नाही. समोरच्याची भरपूर स्तुती करायची. आणि गोष्ट महत्त्वाची वाटली, तर वरिष्ठांना प्रत पाठवायची. त्यांची आख्खी कारकीर्द याच तीन खांबांवर उभी होती.

निघायच्या दिवशी बायको खाली गाडीचा हॉर्न वाजवत होती, तेव्हा त्यांना प्राचार्यांचा तगादा आठवला. अशा वेळी ते कॉलेजच्या पत्त्यावरून स्वतःच्याच कंपनीच्या पत्त्यावर एक आठवण धाडत; निदान गुरुवारपर्यंत डोक्याचा ताप टळे. तशीच त्यांनी धाडली: 'संयुक्त प्रकल्पाचं बघायला हवं.' फोन पर्समध्ये गेला आणि मंडळी तळ्याकाठच्या हॉटेलात पोचली.

काय ते सुख! रोजच बुधवार!

आठवडा सरता सरता मायलेकी होडीत बसायला गेल्या. "पर्स धरा जरा," असं सांगून बायको गेली आणि उभयचररावांचा हात आपोआप आत शिरला. फक्त एक नजर टाकायची, एवढंच.

मेल उघडल्या आणि पायाखालची वाळू सरकली. उभयचररावांनी उभयचररावांनाच शेकड्याने मेल पाठवल्या होत्या!

कंपनीच्या सहायकाने त्या आठवणीला तत्काळ उत्तर दिलं होतं, 'सर, काय ही दूरदृष्टी! आजच सुरू करू.'

कॉलेजचा सहायक: 'डॉक्टर, आपल्या तडफेला तोड नाही. तत्त्वतः मान्य. मात्र समिती नेमावी.'

'नेमली. सदस्य: आपण आणि मी. अध्यक्ष आपण व्हा.'

'छे, छे! आपण असताना मी?'

या एका मुद्द्यावर दोघांनी अख्खी दुपार एकमेकांना कुरवाळलं होतं. मग भांडण लागलं. उभयचरराव आजवर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे जे जे पाठीमागे बोलत आले होते, ते पहिल्यांदा समोरासमोर आलं. 'आपलं कॉलेज म्हणजे गोगलगाय आहे,' असं कंपनीकडच्याने सुनावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. कॉलेजकडच्याने लिहिलं, 'आम्ही गोगलगाय आहोत, हे तत्त्वतः मान्य. आपणही घोड्यावर बसून येता, हे आपण मान्य करावं.' 'आनंदाने!' असं होत होत दोघांनी मिळून संयुक्त केंद्राची घटना लिहून काढली होती. आणि प्रत्येक मेलची प्रत वरिष्ठांना!

वरिष्ठांनी वरिष्ठांच्या रिवाजाप्रमाणे फक्त शेवटची ओळ वाचली होती: 'दोन्ही संस्थाप्रमुखांनी प्रत्यक्ष भेटून शिक्कामोर्तब करावं.' प्राचार्यांचं उत्तर होतं, 'अभिनंदन, सर!' बाईंचं उत्तर होतं, 'शाब्बास, डॉक्टर!' भेट ठरली होती प्राचार्यांच्या दालनात, येत्या बुधवारी.

समोर एवढं तळं भरलेलं असून उभयचररावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय हो, दाढ दुखतेय का?" बायको होडीतून उतरत होती.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ!"

"दातांचं मला सांगा. आणा इकडे." तिने उभ्या उभ्या दहा-बारा मेल वाचल्या. "इतकं गोड माझ्याशी कधी बोलला होतात का हो?"

"अगं, नोकरी जायची वेळ आलीय! एक नाही, दोन! ती दोघं भेटली की पहिला प्रश्न येणार, हा माणूस बुधवारी असतो कुठे?"

"सांगा, संशोधन करतो," लेक म्हणाली.

त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही सहायकांना हुकूम सोडला, 'भेट रद्द करा.' क्षणात उत्तर आलं, 'उत्तम सूचना! यावर साधकबाधक चर्चा व्हावी, म्हणून भेटीला आणखी काही मान्यवरांना बोलावलं आहे.'

"अगदी हुबेहूब हो, बाबा!"

बुधवारी उभयचरराव कॉलेजात गेले तेव्हा त्यांच्या डाव्या खिशात कॉलेजचा राजीनामा होता, उजव्या खिशात कंपनीचा. कुठला कुठल्या खिशात, हे ते जिना चढताना पुटपुटत होते. प्राचार्यांच्या काचेच्या टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या होत्या. मान्यवर करंडकांच्या कपाटाला टेकून उभे होते. संचालक बाई पाठ न टेकता बसल्या होत्या.

"आमच्या बाजूने ही सगळी बोलणी आमच्या सरांनी केली," प्राचार्य म्हणाले. "तुमच्याकडून कोण होतं?"

"आमचे डॉक्टर."

"बोलवा की त्यांना! बघू तरी, कोण एवढा तोडीस तोड भेटला ते."

बाईंनी उभयचररावांकडे बोट दाखवलं. प्राचार्यांनीही त्याच वेळी त्यांच्याचकडे बोट दाखवलं होतं. दोन बोटं हवेत तशीच राहिली.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी तुम्हीच?"

उभयचररावांचे दोन्ही हात दोन्ही खिशांत गेले. "हो," ते म्हणाले. तीस वर्षांच्या कारकिर्दीत इतकं छोटं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

"तरीच!" समोर छापून ठेवलेल्या मेल दोघांनी आता कुठे चाळल्या आणि प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. "तरीच एकमत झालं! आमच्या समितीत खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा, यावर दोन माणसं तीन गट करतात! आणि यांनी काय केलं? कॉलेजची बाजू घेऊन स्वतःलाच घोडेस्वार म्हटलं!"

"आणि आमची बाजू घेऊन स्वतःलाच गोगलगाय!" बाई आता खुर्चीत मागे टेकल्या होत्या. "इतका निःपक्षपाती माणूस मी उद्योगात पाहिला नाही."

"उद्योगात सोडा हो, विद्येच्या क्षेत्रातही नाही!"

मान्यवरांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते त्यांना माहीत नव्हतं. पण मान्यवर ते मान्यवरच. केंद्राचे पहिले प्रमुख म्हणून उभयचररावांचं नाव एकमुखाने पुढे आलं. त्यांनी हात हळूच खिशांबाहेर काढले. पाण्यातही राजे, जमिनीवरही राजे! संकट आलं काय, गेलं काय, सुंठीवाचून खोकला गेला!

"पण यांना वेळ कुठून काढायचा?" प्राचार्यांनी विचारलं. "सोमवार-मंगळवार इथे असतात. बुधवारी तुमच्याकडे..."

"आमच्याकडे? छे! आमच्याकडे गुरुवार-शुक्रवार. बुधवारी तुमच्याकडे असतात ना?"

"आमच्याकडे नाही बुवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग उभयचररावांकडे.

उभयचररावांनी घसा खाकरला. भाषणातला तो जड आवाज देवासारखा धावून आला. "बुधवारी मी घरी असतो," ते म्हणाले. "दोन्ही संस्थांमधल्या दरीवर विचार करत."

प्राचार्य उठून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ऐकलंत? वर्षानुवर्षं! कुणाला न सांगता! आणि आपण यांना साधी खुर्चीसुद्धा दिली नाही!"

"खुर्ची आहे माझ्याकडे," उभयचरराव घाईघाईने म्हणाले. "वेताची."

पण टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांना पुष्पगुच्छ मिळाला, मान्यवरांबरोबर फोटो झाला आणि कॉलेजच्या फाटकावर त्यांचं नाव लागलं. घरी लेकीने त्यांना कडकडून मिठी मारली. बायकोने, दात तपासायचा असावा तशी, त्यांची हनुवटी वर केली आणि कधी नव्हे ते म्हणाली, "जिंकलात हो!"

संयुक्त केंद्र आठवड्यातून एकदा, बुधवारी उघडतं. सकाळी आठला. हजेरी अंगठ्याने लागते.