एका मापाचं एका डब्यात

"साहेब, कार्बोरेटर साफ करतो, प्लग बदलतो. चार दिवसांत नाना गाडी चालवतील," मिस्त्री म्हणाला.

स्टोअरकीपर नुसता हसला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं नटबोल्ट सांभाळून तो नुकताच निवृत्त झाला होता. अशा माणसाला कुणी गाडी दुरुस्त करून देऊ म्हणणं हा त्याला अपमानच वाटला. "घरची गाडी घरीच होईल. आपला हात जगन्नाथ!" म्हणत त्याने मिस्त्रीला वाटेला लावलं.

गाडी नानांची, म्हणजे त्याच्या वडिलांची. बावन्न वर्षांची, आणि दहा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली. नाना एक्याऐंशीचे. गुडघे फार तर वर्षभर साथ देतील, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याआधी नानांना एकदा, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, स्वतः गाडी चालवायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

कार्बोरेटर काढताना एक स्क्रू खाली घरंगळला. तो शोधायला त्याने खालचा पत्रा काढला. पत्र्यामागे तेल गळताना दिसलं, म्हणून इंजिन उतरवलं. इंजिन उतरलंच आहे, तर गिअरबॉक्सने काय पाप केलंय? महिन्याभरात गाडीचा नुसता सांगाडा उरला. काढलेलं सगळं मात्र त्याने स्टोअरच्या शिस्तीने लावलं: एका मापाचं एका डब्यात. सहाशे बारा बोल्ट, चौदा डबे, प्रत्येकावर मोत्यासारख्या अक्षरात माप. कुठला बोल्ट कुठून निघाला, हे कुठेच लिहिलं नव्हतं. स्टोअरमध्ये ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"अहो, हा कुठला?" बायकोने एक बोल्ट उचलून विचारलं.

"दहा एमएमचा."

"माप नाही विचारलं. लागतो कुठे?"

"दहा एमएमच्या भोकात."

तसली भोकं एकशे चाळीस निघाली. त्यातल्या एकात त्याने जरा लांबच बोल्ट पिळला आणि इंजिनाला चीर गेली. तसलं दुसरं इंजिन मिळायला आठ महिने लागले.

नाना रोज शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत. "मिस्त्रीला बोलाव रे."

"आता कुठल्या तोंडाने बोलावू?"

नानांची घाई त्याला कळत नव्हती असं नाही. पण त्यांच्या गुडघ्यांपेक्षा त्याला स्वतःचं नाक जास्त जपायचं होतं, आणि नाक जपणारी माणसं फार सावकाश काम करतात.

दोन वर्षं उलटल्यावर एका सकाळी गाडी सुरू झाली. नानांना धरून स्टिअरिंगमागे बसवलं. डावा पाय त्यानेच उचलून क्लचवर ठेवला. नानांनी दात आवळून जोर लावला. पाय थरथरला, क्लच हलला नाही.

"लावा ना जोर, नाना."

"जोर होता तेव्हा गाडी डब्यांत होती."

नाना स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "मग तुम्ही चालवा. नाना शेजारी बसतील."

"मला कुठे येते चालवता?"

"अहो, दोन वर्षं गाडीखाली झोपलात ना!"

"खाली झोपलो, वर बसलो नाही. यांनी लहानपणापासून कधी हात लावू दिला गाडीला?"

"हात लावू दिला नव्हता," नाना म्हणाले, "म्हणूनच इतकी वर्षं चालली."

बायकोने सरळ मिस्त्रीला फोन लावला. तो लगेच आला. नाना शेजारी सरकले आणि तो स्टिअरिंगमागे बसला. मागची सीट अजून बसवलेली नव्हती, त्यामुळे स्टोअरकीपरला गाडीत जागाच नव्हती. त्याने निमूटपणे फाटक उघडलं.

गाडी त्याच्याजवळ आल्यावर नानांनी काच खाली केली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आम्ही जरा लांबवर जाऊन येतो. तोवर घरातलं काही उघडत बसू नकोस."