दूरस्थ गृहस्थ

संधीसरांच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं आणि त्याच क्षणी त्यांचं नशीब वर आलं. शिपायाने आणून दिलेलं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि मग शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने तिसऱ्यांदा वाचलं. ‘आपली निवड झाली असून आपण तीन महिने दूरस्थ विद्यार्थी म्हणून परदेशी विद्यापीठात अध्यापनशास्त्राचे शिक्षण घ्यावे.’

संधीसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते व्याकरण शिकवत आणि त्यातला संधी हा भाग इतका जीव ओतून शिकवत, की मुलांनी तेच नाव ठेवून टाकलं. शिक्षकांच्या खोलीत या नावाला जरा वेगळी धार होती. जन्मभर संधी शिकवली, मिळाली मात्र एकही नाही, असं त्यांच्या पाठीमागे म्हणत आणि कधीकधी तोंडावरही. सर याच शाळेत शिकले आणि याच शाळेत नोकरीला लागले. शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत, एवढाच त्यांचा आयुष्यातला प्रवास. दुसऱ्या एखाद्या देशातला फळा कसा असतो, तिथला मास्तर मुलांवर कसा खेकसतो, हे एकदा डोळ्यांनी बघावं, अशी त्यांची फार मनापासून इच्छा होती.

“दूरस्थ म्हणजे घरबसल्या असतं ना हो?” विज्ञानवाले सर म्हणाले. त्यांना कोणाच्याही दुधात लिंबू पिळायची सवय होती.

संधीसरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समोरच्याची शिकवणी सुरू होते, हे सगळ्यांना माहीत होतं. “विग्रह करा. दूर राहणारा तो दूरस्थ. उपपद तत्पुरुष समास. घरात बसलेला माणूस दूर कसा असेल? दूर जाईल तेव्हाच ना दूरस्थ होईल?”

व्याकरणापुढे विज्ञान गप्प बसलं. कोणापासून दूर, हे मात्र समास सांगत नाही, आणि सरांनीही त्याला ते विचारलं नाही.

खोलीत आणखी एक व्यक्ती गप्प बसली होती, आणि ही मात्र नवलाची गोष्ट होती. पर्यवेक्षिकाबाई चार वर्षांपूर्वी अशाच निवडीतून तीन महिने परदेशी विद्यापीठाचं शिकून आल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आम्ही तिकडे होतो तेव्हा’ असं सुरू होई. तिकडे खडूची धूळ उडत नसे, तिकडे मुलं रांग मोडत नसत, तिकडे मुख्याध्यापक स्वतःचा कप स्वतः विसळत. त्यामुळे सगळी शाळा त्यांना तिकडेबाई म्हणे. त्या दिवशी तिकडेबाईंनी एवढंच विचारलं, “कोट आहे का सर तुमच्याकडे?”

“शिवावा लागेल.”

“शिवा. चांगला शिवा. पँटच्या भानगडीत फार पडू नका.”

सरांना वाटलं, बाईंना मत्सर वाटतोय.

मग जे व्हायचं ते झालं. मुख्याध्यापकांनी तीन महिन्यांची रजा मंजूर केली. सगळ्या शिक्षकांनी मिळून एक सुटकेस भेट दिली. ती एवढी मोठी होती, की सरांची बायको म्हणाली, “सामान वेगळं न्या, यात तुम्हीच बसा.” बायको बँकेत काउंटरवर होती. दिवसभर लोकांच्या सह्या बारकाईने बघून तिची जीभही बारीक धारेची झाली होती. निरोपसमारंभात सर इतका वेळ बोलले, की पहिल्या रांगेतली मुलं झोपली आणि मुख्याध्यापक रडले. ते भावनेने रडले की कंटाळून, हे कळलं नाही. शेवटी सर विज्ञानवाल्यांकडे बघून म्हणाले, “घरबसल्या जग कळत नाही. उंबरा ओलांडावा लागतो.” टाळ्या फार पडल्या.

तिकीट मात्र येत नव्हतं.

“अहो, सोमवारी वर्ग सुरू होणार आणि अजून विमानाचा पत्ता नाही,” बायको म्हणाली. “विचारा तरी त्यांना.”

सरांनी नम्र भाषेत, शुद्धलेखन तपासून विचारणा केली. ज्या सकाळी निघायचं म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नेमकं त्याच सकाळी उत्तर आलं. तिकिटाची आवश्यकता नाही. खाली लिंक दिली आहे. सोमवारी दुपारी वेळेवर हजर राहावे.

सर बराच वेळ त्या लिंककडे बघत राहिले. “ही लिंक दाखवली की विमानात घेतात का गं?”

बायकोने फोन हातात घेऊन वाचला. “ही लिंक दाबली की तुम्ही इथेच बसता. खुर्चीत.”

“पण दूर राहणारा तो...”

“आणि घरात राहणारा?”

“गृहस्थ,” सर क्षीण आवाजात म्हणाले.

“समास कोणता?”

“तोच. उपपद तत्पुरुष.”

“मग बसा.”

सर बसले ते सुटकेसवर बसले आणि त्यांचा चेहरा पाहून बायकोचं हसू पळालं. “मला फक्त एकदा बघायचं होतं गं,” ते म्हणाले. “दुसऱ्यांची शाळा.” त्यांना खरोखरच रडू येत होतं. नवा कोट खुंटीला लटकत होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“सांगून टाका शाळेत,” बायको मऊपणाने म्हणाली. “चूक झाली म्हणा.”

“व्याकरणाच्या मास्तराची समासात चूक झाली म्हणू? विज्ञानवाल्यासमोर? मुलं दुसरं नाव ठेवतील, आणि ते निवृत्तीपर्यंत पुरेल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. गल्लीच्या तोंडाशी मुख्याध्यापकांसकट निम्मी शाळा हात हलवायला उभी होती. आता कबुली द्यायची तर हात हलवणाऱ्यांना हात खाली घ्यायला सांगावं लागलं असतं. सर कोट घालून टॅक्सीत बसले, आणि सोडायला म्हणून बायको शेजारी. नवराबायको स्टेशनच्या प्रतीक्षालयात सुटकेस सांभाळत बसून राहिले आणि अंधार पडल्यावर मागच्या बोळाने, चोरासारखे, स्वतःच्याच घरात शिरले.

परदेश म्हणून अडगळीची खोली ठरली. आडव्या ठेवलेल्या सुटकेसवर लॅपटॉप आणि मागे खिडकीला नवा पडदा. तो लावणं भागच होतं, कारण खिडकीसमोर शाळेची पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत शाळेचं नाव रंगवलेलं होतं. अभ्यासक्रम मात्र झकास होता. प्राध्यापक हसतमुख होते आणि कोणी चुकलं तर ‘वा, छान चूक!’ म्हणत. वर्गात ठिकठिकाणचे शिक्षक होते, सगळे कोटात, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक नवा कोरा पडदा. सरांना तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिवस बरे चालले होते, पण भिंतीला कान असतात आणि शेजारच्या काकूंना भिंत होती.

“काल दुपारी तुमच्याकडे पुरुषाचा आवाज येत होता,” काकू एका सुट्टीच्या दिवशी दारातच म्हणाल्या. “हसत होता.”

“यांचाच,” बायको म्हणाली. “व्हिडिओ कॉल करतात. रोज.”

“काल दुपारी तू तर बँकेत होतीस.”

बायको बधली नाही. “घरातला लॅपटॉप चालूच असतो. घर सुनं वाटू नये म्हणून ते तिकडून बोलत असतात.”

“आणि शिंकले ते?”

“तिकडे थंडी आहे ना काकू.”

काकूंचं समाधान झालं, आणि तेच नडलं. त्यांचा नातू सरांच्याच शाळेत होता. जो माणूस रिकाम्या घराशी रोज बोलतो त्याला शाळेशी बोलायला काय झालं, असं त्या थेट मुख्याध्यापकांना विचारून आल्या. मुख्याध्यापकांना कल्पना इतकी आवडली, की संध्याकाळी सरांना निरोप आला. शनिवारी सभागृहात मोठा पडदा लावतो आहोत. सगळी शाळा बसेल. आपण परदेशातून मुलांशी थेट बोलावे.

“आता ताप आला म्हणा,” बायको म्हणाली.

“मग तापाची चौकशी करायला रोज कॉल करतील.”

शनिवारी सर कोट, मफलर आणि लोकरी टोपी घालून बसले. पंखा बंद ठेवावा लागला, कारण मफलर उडाला असता. अंगातून घामाच्या धारा लागल्या. सभागृहातल्या पडद्यावर सरांचं डोकं दारापेक्षा मोठं दिसत होतं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, तिकडेबाई, विज्ञानवाले सर आणि कल्पना आपलीच म्हणून मानाने आलेल्या काकू.

“सर, तुम्हाला घाम का येतोय?” एका मुलाने पहिलाच प्रश्न विचारला.

“हीटर,” सर म्हणाले. “फार मोठा हीटर आहे.”

इथवर ठीक होतं. तेवढ्यात शाळेच्या फाटकावरून भंगारवाला गेला. “जुने पेपर, रद्दी, लोखंड, प्लास्टिक!” त्याचा भोंगा सभागृहाच्या खिडकीतून सगळ्यांनी ऐकला. मग तो वळून मागच्या बोळात शिरला, आणि थोड्याच वेळात सरांच्या मफलरामागून परदेशातून आवाज आला, “जुने पेपर, रद्दी, लोखंड, प्लास्टिक!”

सगळ्या माना आधी खिडकीकडे आणि मग पडद्याकडे वळल्या.

“सर, तिकडेपण भंगारवाला येतो?” मागून एका मुलीने विचारलं. “आपलाच?”

सरांचं तोंड उघडं राहिलं. वीस फुटी पडद्यावर ते फारच उघडं दिसलं. आपलं सगळं संपलं, हे त्यांना स्पष्ट कळलं. तेवढ्यात तिकडेबाई उठल्या आणि त्यांनी माईक घेतला.

“प्रतिध्वनी,” त्या म्हणाल्या. “इथला आवाज माईकमधून तिकडे जातो आणि तिथून आपटून परत येतो.”

“बाई, प्रतिध्वनीला इतका वेळ लागत नाही,” विज्ञानवाले सर म्हणाले.

“तिकडे लांब आहे, सर. तुम्ही गेला नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नाही.”

विज्ञानवाले सर बसले. पण आता काकू पुढे वाकल्या होत्या. “हा पडदा मी कुठेतरी पाहिलाय. अहो, यांच्या बायकोने आणि मी एकाच दुकानातून कापड घेतलं होतं!”

“जागतिकीकरण,” तिकडेबाई म्हणाल्या. “आम्ही तिकडे होतो तेव्हा सगळ्यांकडे हेच पडदे होते.”

“पडद्यावरून आठवलं!” मुख्याध्यापक उत्साहाने म्हणाले. “सर, जरा पडदा बाजूला करा. मुलांना बर्फ बघू द्या.”

“बर्फ! बर्फ! बर्फ!” सगळी शाळा ओरडू लागली. सरांचा हात पडद्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. पडद्यापलीकडे बर्फ नव्हता, टाकी होती, आणि तिच्यावर हातभर अक्षरं होती. दारामागे उभ्या असलेल्या बायकोला राहवलं नाही. तिने आवाज जाडा काढून गर्जना केली, “नो! नो पडदा!”

“तिकडच्या घरमालकीणबाई,” तिकडेबाई लगेच म्हणाल्या. “फार कडक असतात. भाडेकरूला पडदा सरकवू देत नाहीत.”

“मग ‘पडदा’ कशी म्हणाली ती?” काकूंनी विचारलं.

“सरांनी शिकवलं असेल. हाडाचे शिक्षक आहेत.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच बायकोने लॅपटॉप फाडकन मिटला, आणि परदेश अंधारात गेला.

सर टोपी काढून भिंतीला टेकून बसले होते. बायकोने पंखा लावला, पाणी दिलं. तेवढ्यात फोन वाजला. तिकडेबाई.

“सर, पडद्याला इस्त्री करा आधी,” त्या म्हणाल्या. “चुरगळलेला दिसतो. पहिल्या आठवड्यात माझाही असाच होता.”

सरांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळ्याचा अर्थ लागला. कोटाचा, पँटचा, वर्गातल्या त्या सगळ्या नव्या कोऱ्या पडद्यांचा.

“बाई, म्हणजे तुम्हीसुद्धा... चार वर्षं सगळ्यांना खोटं सांगत होतात?”

“खोटं? मी एक अक्षर खोटं बोललेली नाही,” बाई दुखावल्या आवाजात म्हणाल्या. “तुम्ही व्याकरणाचे ना? ‘तिकडे’ हा शब्द काय आहे?”

“स्थलवाचक क्रियाविशेषण अव्यय.”

“स्थळ कोणतं, ते सांगतो का तो?”

“नाही.”

“माझ्या बहिणीकडे होते मी. गच्चीवरच्या खोलीत. तिकडे खडूची धूळ उडत नाही, तिकडे मुलं रांग मोडत नाहीत. यात खोटं काय आहे?”

“आणि तो स्वतःचा कप विसळणारा मुख्याध्यापक?”

“माझा मेहुणा. मुख्याध्यापकच आहे तो. बहीण विसळायला लावते.”

सर हसायला लागले ते थांबेचनात. मग एकदम थांबले. “बाई, तुम्हालाही जायचं होतं ना हो? खरंखुरं?”

“फार,” तिकडेबाई म्हणाल्या. “दोन स्वेटर विणले होते मी.” आणि त्यांनी फोन ठेवला.

तीन महिन्यांनी सर मागच्या बोळाने निघून पुढच्या गल्लीत टॅक्सीतून उतरले. सगळी शाळा हात हलवत होती. वर्गात पहिल्याच दिवशी एका मुलाने संधी चुकीची सोडवली. जुने सर खेकसले असते. हे सर म्हणाले, “वा, छान चूक!” मुलगा इतका घाबरला, की त्याने पुढची बरोबर सोडवली.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक एक पत्र नाचवत शिक्षकांच्या खोलीत आले. “माझीही निवड झाली! तीन महिने! दूरस्थ म्हणूनच! काय काय न्यावं लागेल हो तिकडे?”

विज्ञानवाले सर काहीतरी म्हणणार होते. तिकडेबाईंनी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मग त्यांनी संधीसरांकडे बघितलं आणि संधीसरांनी सावकाश चष्मा काढला.

“कोट शिवा सर,” ते म्हणाले. “पँटच्या भानगडीत पडू नका. आणि घरी एखादी खोली रिकामी आहे का तुमच्या?”