नव्या तुमसरचे सरपंच

मे महिना होता, सकाळी दहालाच रायपूरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते आणि शेजारचे लांजेवारभाऊ बनियनवरच मधल्या भिंतीशी येऊन म्हणाले, "वहिनी, यंदाचा हिवाळा जड जाते बरं. लाकडं कमी पडून राहिली."

मी पाइप खाली ठेवला आणि माणसाकडे नीट पाहून घेतलं. ऊन लागलं की माणूस काहीबाही बोलतो. माझ्या सासऱ्यांनी एकदा बाजारातून येऊन मलाच "आपण कोणाकडे आलात?" म्हणून विचारलं होतं. मी गुपचूप ग्लासभर पन्हं करून भिंतीवरून दिलं. भाऊ प्यायले, मिशा पुसल्या, आत जाऊन ग्लास धुऊन आणला, त्यात कढीपत्त्याच्या दोन काड्या खोचल्या आणि म्हणाले, "कालच लोहार गेला बिचारा. गारठून."

आता हा लोहार कोण आणि रायपुरात मे महिन्यात कोण कसं गारठतं, या विचाराने मला दिवसभर चैन नाही. संध्याकाळी त्यांची सून रुपाली दिसली तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. "आंटी, गेम है."

लांजेवारभाऊ मूळचे तुमसरचे. उभी नोकरी गुढियारीकडच्या मालधक्क्यावर गेली. कोणत्या वॅगनमध्ये काय भरलं आणि कोणती कुठे लागली, हे या माणसाला झोपेतही ठाऊक. रिटायर झाले त्याआधीच त्यांच्या बायको, सुलभावहिनी, गेल्या. घरात उरले मुलगा नितीन, सून रुपाली आणि भाऊंचा जन्माचा मालधक्का. रुपालीच्या डाळीच्या डब्यांवर त्यांनी खडूने नंबर टाकले. गव्हाची कोठी खिडकीशी आणि साखर माळ्यावर नेली. पोरगी चहाला साखर काढायची तर स्टुलावर चढायची. शेवटी नितीनने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडला, त्यात एक खेळ टाकला आणि म्हणाला, "पापा, अब इसमें गाँव बसाओ."

खेळ असा, की एक जंगल असतं, नदी असते आणि उघड्यावर उभी चार कुटुंबं असतात. त्यांना घरं बांधून द्यायची, मासे धरायचे, शेत पेरायचं, बर्फ पडायच्या आत कोठार भरायचं. नाही भरलं तर माणसं मरतात. नदीकाठी बाजार बांधला तर व्यापाऱ्याची नाव येते, मग आपल्याजवळचं द्यायचं आणि नसेल ते घ्यायचं. नितीनला वाटलं, दोन दिवस खेळतील. भाऊ त्यात जे शिरले ते शिरलेच.

तेव्हा शहराबाहेर सरकार नवी राजधानी बांधत होतं आणि आतल्या खोलीत लांजेवारभाऊ नवं तुमसर बांधत होते. "तिकडं पाहा, रस्ते चकाचक अन् माणूस दिसत नाही," ते म्हणायचे. "माझ्या गावात एक जण रिकामा दिसला तर सांगा." सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, त्यांना सरपंच म्हणायला लागला. भाजीवालाही म्हणायचा. त्यांना त्यात चेष्टा दिसली नाही, उलट ते रस्त्याने जरा सावकाश चालायला लागले.

भाऊंचं एक पालुपद होतं, "वॅगन रिकामी परत पाठवू नये." हा नियम त्यांनी नव्या तुमसरला लावला आणि आम्हालाही. आपल्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे खरं. पण माणूस दोन-चार दिवस तरी जाऊ देतो. भाऊंकडे मी भरल्या वांग्याची वाटी पाठवली की माझं जेवण व्हायच्या आत ती धुऊन परत हजर. आत कधी लिंबू, कधी हिरव्या मिरच्या. एकदा घरात काही सापडलं नाही तर वाटीत घड्याळाचे सेल घालून आणले. "कामी येतात," म्हणाले. आलेही, खोटं कशाला बोलू.

एकदा मी गेले तेव्हा पडद्यावर नाव लागलेली होती आणि भाऊ खुर्चीतून अर्धे उठून त्या नाववाल्याला सुनावत होते. "एवढ्या गरम कोटांचे दोनच मेंढे? काहून? पंडरीच्या कापडबाजारात उभा राहून दाखव ह्या भावानं." नाववाला काय बोलणार. भाऊंनी त्याला तसाच परत पाठवला आणि मग नाव रिकामी गेली म्हणून ते स्वतःच रात्री धड जेवले नाहीत.

पुढे मेंढ्याही आल्या, बियाणंही आलं. कोठारं भरली. भाऊ भिंतीशी येऊन छाती फुगवून सांगायचे, "नव्या तुमसरले आता कोणाचं काही लागत नाही. मले बी नाही."

इथेच तर सगळी गोम होती. नितीनचं ऑफिस नव्या राजधानीत गेलं होतं. रोज बसने जायचं, बसने यायचं, घरी येईपर्यंत पोराचं तोंड उतरलेलं. तिकडे ऑफिसजवळ त्याला क्वार्टर मिळत होतं आणि हवं की नको ते लवकर कळवायचं होतं. रुपाली तर क्वार्टरचं नाव निघालं की उजळायची. तिला काही महाल नको होता. साखर हाताला येईल अशी ठेवायची होती, एवढंच. पण नितीनने विषय काढला की भाऊ म्हणायचे, "एवढं घर काय रिकामं ठेवाचं?" आणि पोरगा गप्प.

एक दिवस तो माझ्याकडे आला. हे आमचे रायपूरचे पोट्टे, मराठी सगळी समजते आणि बोलतात हिंदी. "आंटी, आप बोलो ना पापा से. आपकी सुनते हैं."

"तुझ्या तोंडात काय मूग भरले आहेत?" मी म्हटलं. पण गेले. जाताना मनात भाषण तयार केलं होतं, चांगलं झणझणीत.

गेले तर भाऊ कपाळाला हात लावून बसलेले.

"काय झालं भाऊ? पुन्हा लाकडं?"

"लाकडं हायेत. मासे हायेत. कोट हायेत," ते म्हणाले. "साथ नाही, उपासमार नाही. तरी गाव संपून राहिलं, वहिनी." त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. शाळा बांधलेली, पण आत कोणी नाही. शेतात म्हातारे, नदीवर म्हातारे. "लेकरूच होऊन नाही राहिलं."

"लग्नं नाही लावली का त्यांची?"

"ते आपोआप होते. जोडप्याले घर भेटलं पाहिजे फक्त."

"मग?"

भाऊ पडद्याकडेच पाहत म्हणाले, "मी घरं नाही बांधली. एका चुलीशी जास्त माणसं बसली का लाकूड वाचते. म्हटलं, राहतील आईबापाजवळ. काहून वेगळं व्हाचं? तर पोट्टे तिथंच बसल्या बसल्या म्हातारे झाले."

रुपाली चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे ठेवला. कप थोडे वाजले. "पापा, उनको घर बना दो ना," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

माझं झणझणीत भाषण माझ्याच तोंडात राहिलं. मी चहा प्यायले आणि मुकाट्याने उठले. भाऊ अजून दाराकडेच पाहत होते.

त्यानंतर बरेच दिवस सरपंच भिंतीशी आले नाहीत. मग एका सकाळी पेढ्यांचा डबा घेऊन दारात. "घ्या वहिनी. पोट्टी झाली."

"अगाई, कोणाला?"

"मासेमाराच्या सुनेले. नदीपलीकडच्या नव्या घरात."

सगळ्या पाऱ्यात पेढे वाटले त्यांनी. सगळ्यांनाच काही मासेमार सांगितला नाही. त्यामुळे समोरच्या दीदी रुपालीला जिना चढू नको, वजन उचलू नको, असं बजावून आल्या. बिचारी रुपाली आठवडाभर तोंड लपवून फिरत होती.

शेवटचा पेढा त्यांनी नितीनच्या हातावर ठेवला. मी भिंतीशीच होते, ऐकू येतच होतं, मी कान बंद करणाऱ्यांतली नाही. "तुझ्या त्या क्वार्टरले हव म्हणून टाक," ते म्हणाले. नितीनच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मराठी निघाली, मोडकीतोडकी. "पापा, मंग तुमी?"

"मले काय? मले कोणाचं काही लागत नाही."

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा भाऊंचा जुना मालधक्का जागा झाला. हमालांना बाजूला करून त्यांनी स्वतः सामान लावलं, जड तळाशी, काच मधे. प्रत्येक डब्यावर खडूचे नंबर. फक्त साखरेच्या डब्यावर नंबर नव्हता. तो त्यांनी रुपालीच्या हातात दिला, म्हणाले, "हा तुले वाटंल तिथं ठेव." तिला एकदम रडू आलं आणि आम्ही सगळ्यांनी टेम्पोची दोरी आवळली आहे की नाही ते पाहायला सुरुवात केली.

भाऊ सोबत गेले आणि त्याच टेम्पोने संध्याकाळी परत आले. मी गंमत केली, "काय सरपंच, वॅगन रिकामी आली आज?"

"मी होतो ना तिच्यात," ते म्हणाले आणि कुलूप काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर पाटवड्या दिल्या. संध्याकाळपर्यंत वाटी आली नाही. पुढच्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. हे आमच्या भिंतीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. मला खरंच धास्ती वाटली. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरात शिरले. भाऊ ठणठणीत होते, कॉम्प्युटरसमोर बसले होते. नव्या तुमसरात लेकरं धावत होती. आणि माझी वाटी लख्ख धुतलेली, शेजारी टेबलावर. तिच्यात दोन लिंबंही होती.

"अहो, मग आणली काहून नाही?"

भाऊंनी वाटी उचलली, पदार्थ गरम असावा तशी दोन्ही हातांत धरली. "घेऊन जा पाहिजे तर," ते म्हणाले. मग खाली पाहून, "परत केली का व्यवहार संपते, वहिनी. नाही केली तर तुम्ही मागाले तरी याल."

मी खुर्ची ओढली आणि मासेमाराच्या नातीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. सुलभा ठेवलं होतं.

आता नितीन-रुपाली दर रविवारी येतात, भाऊ त्यांना कधी रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत आणि रुपालीही रिकाम्या हाताने येत नाही. माझ्या तीन वाट्या सध्या त्यांच्याकडे आहेत. मी एक दिवसाआड मागायला जाते, चहा पिते, गावाची खबरबात घेते आणि वाट्या तिथेच विसरून येते.