तात्यांचा खोका

आमच्या कॉलनीतले तात्या सुभेदार गेल्या उन्हाळ्यात काखेत एक रिकामा खोका घेऊन साताराभर हिंडत होते.

पुठ्ठ्याचा खोका. कडांना तपकिरी टेप लावलेली, वरचं झाकण कापून टाकलेलं. मिठाईची दोन खोकी एकावर एक ठेवली तर होईल एवढा. भाजीला निघाले की खोका, बँकेत निघाले की खोका, दाढी करायला निघाले तरी खोका. आता साताऱ्यात माणसाच्या काखेत खोका दिसला की लोकांना पहिल्यांदा कंदी पेढेच आठवतात.

"काय तात्या, कशाचे पेढे?"

"पेढं न्हाईत. जागा हाय."

"कसली जागा?"

"मापाची."

एवढं बोलून तात्या पुढे. विचारणारा तिथेच उभा.

एका लग्नात त्यांनी हा खोका शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि ते पंगतीला गेले. परत येऊन बघतात तर आत आहेराची पाकिटं! तात्यांनी ती इमानाने मुलीच्या बापाच्या हातात दिली. बाप गहिवरला, म्हणाला, "तात्या, तुमच्यासारखी माणसं न्हाईत. पण ह्यात तुमचं पाकीट कुठलं?" तात्यांना तेव्हा आठवलं की ते आहेर द्यायचाच विसरलेत. खोक्याच्या नादात.

मी त्यांचा शेजारी. पंचायत समितीत कारकून, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. तात्यांचं मूळ गाव आष्ट्याजवळ. फौजेत सगळी नोकरी वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेली. बायको जाऊन काही वर्षं झाली, एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन सांगलीला. घरात ते एकटे आणि त्यांनी उघडून ठेवलेल्या वस्तू. मिक्सर उघडा, रेडिओ उघडा, भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडं. "झाकलेली वस्तू खोटं बोलती भाऊसाहेब," असं ते म्हणत.

अशा माणसाने एक दिवस सकाळी माझ्या दारात येऊन जाहीर केलं, "कॉम्प्युटर बनवतोय."

"घेताय?"

"घेतोय न्हाई. बनवतोय. सुटं सामान आणून. लय सोपं हाय. सगळ्या पिना आपापल्या घरात जात्यात, चुकीच्या घरात ढकललं तरी जात न्हाईत. मानसापरीस बरं."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत उत्सव सुरू झाला. कुरियरवाला आला की तात्या मला हाक मारायचे, मी हातातला चहा तसाच घेऊन पळायचो. मदरबोर्ड आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांवर असा धरला, जसं काही बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले आहेत. "बघा, केवढंसं हाय! न्याहारीच्या ताटलीएवढं. आन् सगळं हाय ह्याच्यावर." मलाही कारण नसताना आनंद व्हायला लागला होता. ऑफिसात फायलीवर सही करताना मनात यायचं, आज रॅम येणार.

सगळं आलं. राहिला तो डबा. म्हणजे ज्यात हे सगळं बसवायचं ते कॅबिनेट. आणि तिथे गाडी अडली.

तात्यांची अट एकच. कॅबिनेट त्या खोक्याच्या आत बसलं पाहिजे. शेजारी नाही, वर नाही. आत.

आम्ही दोघं पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने काचेची भिंत असलेलं एक भलंमोठं कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. आत लाल, हिरवे, जांभळे पंखे फिरायला लागले.

तात्या बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यात काय गणपती बसवायचा हाय का?"

"काका, पोरं हेच मागतात."

"मला बारकं पायजे." तात्यांनी खोका पुढे केला. "ह्याच्यात जाईल असं."

दुकानदाराने खोक्यात वाकून बघितलं. काही दिसलं नाही म्हणून पुन्हा बघितलं. मग मोबाईलवर एक चित्र शोधून दाखवलं. बरोबर तेवढंच, देखणं, काळंभोर. तात्यांचे डोळे चमकले. मग खाली किंमत दिसली आणि डोळे विझले.

"आरं, हे ह्या मोठ्यापरीस महाग हाय!"

"बारकं असतं ते महागच असतं काका."

"म्हंजी अख्खी उसाची मोळी स्वस्त आन् एक कांडं महाग? कुठल्या बाजारात असलं गणित चालतं रं?"

दुकानदाराने स्वस्त आणि बारकं असंही एक दाखवलं. तात्यांनी बोटाने दाबलं तर पत्रा आत गेला आणि टक्क करून बाहेर आला. आतल्या फुकटच्या पॉवर सप्लायचं वजन त्यांनी तळहातावर तोललं आणि न बोलता परत ठेवलं. फौजेतल्या माणसाचा राग असाच असतो. आवाज नाही.

महिनाभर हेच चाललं. कराडला गेलो, कोल्हापूरला गेलो. एका ठिकाणी रुंदी बसली तर उंचीने दगा दिला. एका ठिकाणी सगळं बसलं, पण मदरबोर्डच बसेना. मी वैतागून म्हटलं, "तात्या, डबा बोटभर मोठा असला तर काय बिघडतंय? खोकाच मोठा करा की."

तात्या एकदम गंभीर झाले. "खोका मोठा करता येत न्हाई भाऊसाहेब."

"का?"

"न्हाई येत."

मग एका रविवारी त्यांना कुणीतरी सांगितलं की सांगलीत जुन्या ऑफिसांचं सामान विकणारा एक व्यापारी आहे. माझ्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर सगळे सुटे भाग चादरीत गुंडाळलेले, तात्यांच्या मांडीवर खोका. रस्ताभर तात्या बोलत होते. पंखा हवा आत कशी ओढतो, बाहेर कशी टाकतो, उन्हाळ्यात आत किती तापतं. पेठ नाक्याला चहाला थांबलो तर अर्धा चहा टाकून म्हणाले, "चला, दुकान मिटंल."

दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. खुर्च्यांचे डोंगर, प्रिंटरचे ढीग. व्यापारी जाडजूड, शांत, समोर भडंगाची पुडी. म्हणाला, "बघा फिरून. बारकं काय मिळालं तर आणा."

आम्ही धुळीत दोन चकरा मारल्या. काही नाही. मी शर्ट झटकत होतो, तेवढ्यात तात्या ताठ उभे राहिले. त्यांची नजर व्यापाऱ्याच्या शेजारी गेली होती. तिथे पाण्याचा माठ होता आणि माठाखाली एक चपटा काळा लोखंडी डबा.

"आवं शेठ, त्यो माठ कशावर ठिवलाय?"

"त्यो? कुठल्यातरी बँकेतल्या कॉम्प्युटरचा सांगाडा हाय. आत काय न्हाई."

"माठ उचला."

"आत्ता भरलाय की!"

माठ मी आणि व्यापाऱ्याने मिळून उतरवला. तात्यांनी डब्यावरची ओली माती रुमालाने पुसली, झाकण उघडलं, आत बोटं फिरवली. जाड पत्रा. आपला छोटा मदरबोर्ड त्यांनी आत ठेवला. स्क्रूची भोकं भोकांवर आली. मी श्वास रोखला. मग त्यांनी डबा उचलला आणि खोक्यात सोडला. तो सरकत गेला, सरकत गेला, आणि अगदी शेवटी अडला.

"पाय!" मी ओरडलो. "तात्या, खालचे रबरी पाय!"

तात्यांनी पाय काढले. डबा तळाला टेकला.

"बसलं!" तात्या असे ओरडले की व्यापाऱ्याच्या हातातलं भडंग सांडलं. "बसलं भाऊसाहेब, बसलं!" आणि त्यांनी मला मिठी मारली, मग व्यापाऱ्याला मारली. मग तिथेच, त्याच टेबलावर, सगळं जोडायला घेतलं. प्रोसेसरवरचा पंखा उंच निघाला, झाकण लागेना. आता व्यापारीही पेटला होता. त्याने स्वतः ढिगात शिरून एक चपटा पंखा हुडकून आणला. वायर जोडली, बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग भर्रर्र आवाज आणि समोरच्या जुन्या पडद्यावर अक्षरं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्याने डब्याचे पैसे घ्यायला नकार दिला. माठाला दुसरं काहीतरी बघतो म्हणाला.

मी गाडी साताऱ्याकडे वळवणार तोच तात्या म्हणाले, "डावीकडं घ्या. पोरीकडं जायचंय."

वैशालीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात नवरा, लहान मुलगा, आजारी सासू. लग्नाआधी वैशाली एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची. मूल झालं, सासू अंथरुणाला खिळली, नोकरी सुटली. हे मला माहीत होतं. तिला आता घरून तेच काम मिळत होतं आणि ती "घरात जागाच नाही" म्हणून नाही म्हणत होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

तात्या आत गेले ते थेट झोपायच्या खोलीत. खिडकीखाली एक अरुंद टेबल, त्यावर तिचा जुना मॉनिटर कापडाखाली झाकलेला. टेबल आणि कपाट यांच्यामध्ये एक चिंचोळी फट. तात्यांनी काखेतला खोका बाजूला ठेवला, कॅबिनेट उभं केलं आणि फटीत सरकवलं. दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढीच जागा उरली, ती त्यांनी मापातच सोडली होती, हवा खेळायला.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "कपाट हलवलं नाहीत ना?"

"न्हाई आक्का. कपाट जिथलं तिथं."

वैशाली दारात पदराला हात पुसत उभी होती. "तात्या, हे काय? विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू जागा न्हाई म्हणाली असतीस. मागल्या खेपेला आलो तवा माप घिऊन गेलो. तुझा ड्रॉइंगचा प्रोग्राम बी भरलाय त्यात. बघ लावून."

ती बसली. बटण दाबलं. आधी अंग चोरून बसली होती, मग खुर्ची पुढे ओढली. माउस हातात घेतला. पडद्यावर एक रेघ काढली, मग वर्तुळ, मग त्याच्या आत दात, एकेक करत. बघता बघता एक चक्र उभं राहिलं. ती हसत होती. स्वयंपाकघरात चहा उतू गेला तो मी बंद केला. मुलगा हाक मारत होता, तेही तिला ऐकू आलं नाही. तात्या थोडा वेळ तिच्या पाठीमागे उभे राहिले. मग माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "चला. कामात हाय ती."

परतीच्या वाटेला लागलो. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस. कासेगावच्या अलीकडे त्यांचा फोन वाजला. पलीकडून वैशालीचा आवाज मलाही ऐकू येत होता, उत्साहाने भरलेला.

"तात्या, सगळं मस्त चाललंय! फक्त तो पंखा जरा खडखडतोय. झाकणाजवळ."

"व्हय का? धोका न्हाई त्याचा. चालू दे. रविवारी येतो पेचकस घिऊन."

"या. आणि या वेळी राहायलाच या."

"बघू."

फोन खिशात गेला. मी म्हटलं, "तात्या, पंखा तर तुम्ही माझ्यासमोर बसवला. दुकानात आवाज नव्हता."

तात्या खिडकीबाहेर बघत राहिले.

"दुकानात पक्का होता," ते म्हणाले. "तिच्या जिन्यात, तुमी गाडी लावत हुता तवा, एक स्क्रू अर्धा पीळ ढिला केला."

मी काच थोडी खाली केली आणि गाडी जरा हळू घेतली.