टिळा लावलेले कपकेक

लग्नातला मोठा केक रद्द करायचा, एवढंच ठरलं होतं.

शिवानीचं म्हणणं सरळ होतं. रिसेप्शनला तीन मजली केक आणायचा, त्यातला एकच मजला खरा, बाकीचे थर्माकोलचे. नवरा-नवरीनं मिळून सुरी धरायची, फोटो निघायचा आणि मागच्या रांगेतल्या पावण्यांना क्रीमचं बोटसुद्धा चाटायला मिळायचं नाही. त्यापेक्षा कपकेक द्यावेत. ज्याचा त्याला वेगळा, कागदाच्या वाटीतला. ती पुण्याला नोकरी करत होती आणि २००६ साली पुण्यात म्हणे हेच चालत होतं.

तिच्या वडिलांना, म्हणजे आकाराम चौगुल्यांना, संशय आला. (त्यांना संशय यायला काही घडावं लागत नसे.) सूतगिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांची हयात गेली होती आणि बंद खोक्यावर त्यांनी कधी सही केली नव्हती. कलिंगड चारी बाजूंनी वाजवून घ्यायचे, आणि घरी आल्यावर गोड निघालं तर इंजेक्शन मारलंय म्हणून खायचे नाहीत. शेजारी हसून बोलला की दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवायचे. असल्या माणसाच्या पुढ्यात वाट्यांत झाकलेला केक आला होता. मोठा केक कापला की आत काय आहे ते साऱ्या मांडवाला एकदम दिसतं, पण या वाट्यांचा भरवसा कुणी द्यायचा?

त्यांना धास्ती होती ती अंड्याची. तसं कोल्हापुरात अंड्याला कोण घाबरतंय? व्याही बाळासो कागलचे, अंगणात कोंबड्या पाळणारे. पण बाळासोंची थोरली बहीण आक्काताई माळकरी होती. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोंबडाही आरवत नसे (आरवण्याइतका फार दिवस तो शिल्लकही राहत नसे, ती गोष्ट वेगळी). तिच्या तोंडात भर रिसेप्शनला अंडं गेलं, तर शिवानीला जन्मभर ते ऐकून घ्यावं लागलं असतं. आकाराम कितीही संशयी असले तरी लेकीवर त्यांचा जीव होता. तिला सासरी कुणी वाकडा शब्द बोललेला त्यांना सोसला नसता.

कपकेक करणारी सोनम राजारामपुरीत राहायची. आकाराम पत्ता शोधत तिच्या घरी गेले. सगळे बिनअंड्याचे करणार आहे, काका, अगदी निर्धास्त राहा, असं ती म्हणाली. निर्धास्त हा शब्द ऐकताच आकाराम सावध झाले. पाणी प्यायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात डोकावले आणि त्यांना ओट्याखाली टोपलीभर अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी तिला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे त्यांचं स्टोअरमधलं तत्त्व होतं.

रिसेप्शनच्या संध्याकाळी हॉलमागच्या खोलीत कपकेक येऊन पडले. निम्मे चॉकलेटचे, निम्मे पांढऱ्या क्रीमचे. आकारामांनी आतून कडी घातली आणि एकेकाचा वास घेतला. चॉकलेटच्या वासाखाली दुसरा काही वास दाबलेला आहे, अशी त्यांची खात्री पटली. पांढरे मात्र त्यांच्या नाकाला निष्पाप वाटले. आता घोळ होऊ नये म्हणून खूण करायला हवी होती. हातात पेन होतं, पण क्रीमवर पेन चालेना. मग त्यांना आहेराच्या टेबलावरची हळदी-कुंकवाची करंडी आठवली. काडेपेटीच्या काडीनं त्यांनी प्रत्येक पांढऱ्या कपकेकवर कुंकवाचा ठिपका दिला आणि नुसतं कुंकू बरं दिसत नाही म्हणून शेजारी हळदीचाही दिला.

बाहेर येऊन त्यांनी वाढप्याला, गुंडूला, बजावलं की आक्काताईंच्या पुढ्यात टिळ्याचाच द्यायचा, दुसरा नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांचा गुंडूवरही संशय होता.

गुंडूनं सांगितल्याबरहुकूम टिळ्याच्या कपकेकचा ट्रे पहिल्या रांगेत नेला. आक्काताईंनी हात पुढं केला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. पांढरा गोळा, त्यावर हळद, शेजारी कुंकू. असला नैवेद्य तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवलेला दिसला की माणसं वाट सोडून लांबून जातात. शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. पुढच्या खुर्च्या मागं सरकल्या, मागच्या उठल्या. कागलकडच्या पावण्यांत कुजबुज फिरली आणि ती फिरता फिरता वाढत गेली. कुणी म्हणालं उतारा आहे, कुणी म्हणालं करणी. शेवटच्या रांगेपर्यंत जाईस्तोवर सगळं पक्कं झालं होतं. पोरीच्या आईनं जावयाला मुठीत ठेवायला हे केलं होतं.

नवरदेव अमरसिंहच्या हातात त्या वेळी टिळ्याचा कपकेक होता. तो त्यानं शिवानीच्या हातात दिला. शिवानीनं आईकडं पाहिलं आणि आईनं, म्हणजे शालूबाईंनी, नवऱ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात असं काही दिसलं की कुणाकडं पाहायचं हे त्यांना विचारावं लागत नसे.

बाळासो स्टेजसमोर येऊन उभे राहिले. फेट्याचा शेमला त्यांनी मागं टाकला.

"पावणं, हे कुणी केलंय तेवढं सांगा. त्याबिगर आमची गाडी हालायची न्हाय."

आकाराम एक पाऊल पुढं आले. सांगून टाकायचं त्यांनी ठरवलंच होतं, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांचं लक्ष आक्काताईंकडं गेलं. टिळ्याच्या कपकेकला भिऊन आक्काताईंनी शेजारच्या ट्रेमधला चॉकलेटचा उचलला होता. तो संपवून दुसरा चालू होता. कागदाला चिकटलेलं त्या दातांनी खरवडत होत्या.

आता काय करायचं? टिळ्याचा उलगडा करावा, तर माळकरी बाईनं भर मांडवात अंडं खाल्लं हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं होतं. गप्प बसावं, तर लेक करणीवालीची पोर म्हणून सासरी जाते. आकारामांनी घाम पुसला. शिवानीचे डोळे भरून आले होते. ते बघितलं आणि त्यांच्यानं राहवेना.

"मी केलंय," ते म्हणाले. "करणी न्हाय. ती खूण हाय. टिळा हाय त्यात अंडं न्हाय."

मग सगळ्या माना हळूहळू आक्काताईंकडं वळल्या. आक्काताईंचा घास गालातच राहिला.

"म्हंजे ह्यात हाय?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मागून सोनम पुढं आली. रिकामे ट्रे न्यायला आली होती, आणि आपल्या कपकेकची ही दशा बघून रडकुंडीला आली होती. "कशातच अंडं नाही. काका घरी आले तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं."

"आणि ती टरफलं?" आकारामांनी अखेर पुरावा बाहेर काढला.

"ती गुलाबाच्या कुंड्यांत घालायला शेजारच्या खानावळीतनं आणते. विचारायचं नाही का काका?"

आक्काताईंनी तिला जवळ बोलावलं. कुठली, कुणाची, सगळं विचारलं. ती कुरुंदवाडच्या बायडाबाईंची नात निघाली. आक्काताई आणि बायडाबाई एकाच महाराजांच्या माळकरी. आक्काताईंनी गालातला घास शांतपणे गिळला आणि बायडाबाईची नात खोटं बोलायची नाही, असं जाहीर केलं. झालं, प्रश्न मिटला. ज्या गोष्टीसाठी आकाराम आठवडाभर झोपले नव्हते, तिचा निकाल एका आजीच्या नावावर लागला. माणसं पुन्हा खुर्च्यांवर बसली आणि टिळ्याचे कपकेक टिळ्यासकट संपायला लागले. बाळासोंनी तर दोन खाल्ले.

आकाराम मात्र हात जोडून आक्काताईंसमोर उभेच होते. माझं काय म्हणायचं ते म्हणा, पण पोरीला यातलं काही बोलू नका, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

आक्काताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. बोटांवरचं हळद-कुंकू बघितलं, खिशातली काडेपेटी बघितली. मग शिवानीला ओढून शेजारी बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्या कागलकरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"आमच्या घरात हिला कुणी एक शब्द बोलायचा न्हाय. बापाच्या घरात लई सोसलंय पोरीनं."

सगळीकडून हळहळ उमटली. कागलच्या बायका शिवानीकडं मायेनं बघायला लागल्या. आकारामांच्या छातीवरचा दगड उतरला. हेच तर त्यांना हवं होतं. आता कुणीतरी आपलीही बाजू घेईल, म्हणून त्यांनी आशेनं बायकोकडं पाहिलं.

शालूबाई पदर सावरत पुढं झाल्या आणि आक्काताईंच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची ओढून बसल्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "मी तर तिच्याबी आधीपास्नं सोसतोय. तुमच्या गाडीत एक जागा हुईल काय बघा की."